घरच्या उपासनेपासून मृत्युपत्रापर्यंत: मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये पाळकांना, धर्मगुरूंना आणि शब्बाथ शाळेच्या (रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाच्या) शिक्षकांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रीत जिथे वेगळी आहे तिथे तसे लिहिले आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत.

घरी कौटुंबिक उपासना सुरू करायची आहे. नेमकी कशी करावी?

बारा मिनिटांची करा. जास्त वेळ हाताशी असला तरी बाराच मिनिटे. पहिल्या आठवड्यात पाऊण तास चाललेली उपासना तिसऱ्या आठवड्यात बंद पडते.

वेळ शक्यतो रात्रीच्या जेवणाआधीची, ताटे मांडण्यापूर्वीची ठेवा. जेवणानंतर मुले पेंगतात, आणि स्वयंपाकघरात भांडी पडलेली असल्यामुळे आई अर्ध्या मनाने बसते. क्रम साधा असावा: गीताची दोन कडवी, आठ ते बारा वचनांचा शास्त्रपाठ, त्यावर एकच प्रश्न, ज्याला वाटेल त्याची दोन-तीन वाक्यांची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचन रोज वेगळ्या माणसाने करावे. नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलाला तीन वचने द्या आणि तो अडखळला तरी मध्ये सुधारू नका.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. त्यात १६ अध्याय आणि ६७८ वचने आहेत. रोज बारा वचने घेतली तर आठ आठवड्यांत, एखाद-दुसरा दिवस इकडेतिकडे, एक पुस्तक पुरे होते आणि मुलांनाही काहीतरी पूर्ण केल्याचा आनंद मिळतो. उत्पत्तीपासून क्रमाने वाचायला घेणारी घरे बहुधा लेवीयच्या पुस्तकात अडकतात. वाचनानंतर "यातून आपण काय शिकलो?" असे विचारू नका. या प्रश्नाचे उत्तर मुलांना पाठ असते: देवावर प्रेम करावे. त्याऐवजी "या गोष्टीत कोण घाबरले आहे?" किंवा "येशूने सगळ्यात आधी कोणाकडे पाहिले?" असे विचारा. मग मूल पुन्हा मजकुराकडे वळते.

उपासना बिघडते ती बहुतेक वेळा एकाच जागी. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, हिचे उलट बोलणे थांबव." मुलाला ही प्रार्थना वाटत नाही, डोळे मिटून केलेली तक्रार वाटते. मुलाचे नाव प्रार्थनेत घ्यायचे ते आभारासाठी. चूक कबूल करायची ती स्वतःची. एवढा एक नियम पाळला तरी महिन्याभरात घरातले वातावरण बदललेले दिसते.

चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट वाचू नका. जिथे थांबला होता तिथून पुढे चला. कॅथलिक घरात रोज संध्याकाळी पूर्ण जपमाळ म्हटली जात असेल तर उत्तमच, पण पाच वर्षांखालील मुलांसाठी एक दशक पुरे: प्रभूची प्रार्थना एकदा, मरियेची प्रार्थना दहा वेळा, त्रित्वाचा गौरव एकदा. मोठ्यांनी उरलेली चार दशके मुले निजल्यावर म्हणावीत.

वडील लोकलने रात्री दहाला घरी पोहोचतात. मग कसे जमवायचे?

त्यांच्यासाठी मुलांना जागे ठेवू नका. आठवड्याचे पाच दिवस आईने, आजीने किंवा मोठ्या मुलाने उपासना चालवावी. ती फक्त घरच्या कर्त्या पुरुषानेच चालवायची असा कुठलाही नियम बायबलमध्ये नाही. आपला सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना प्रेषित पौल त्याच्या आजीचे, लोईसचे, आणि आईचे, युनीकेचे नाव घेतो (२ तीमथ्य १:५). वडिलांनी सकाळी निघताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचे एक वाक्य म्हणावे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात (६:७) देवाचे वचन मुलांना शिकवण्याच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यातली एक तरी प्रत्येकाला सापडते.

मुले इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी बायबलची भाषा त्यांना कळत नाही. इंग्रजीच वाचू का?

दोन्ही ठेवा. शास्त्रपाठ इंग्रजीत किंवा सोप्या मराठी अनुवादात वाचा, पण प्रार्थना आणि गीते मराठीत राहू द्या. जी भाषा रडताना आणि आजारपणात तोंडी येते त्या भाषेत प्रार्थना जमली पाहिजे. आजी-आजोबांबरोबर मुलांना एकत्र प्रार्थना करता येणार की नाही, हेही यावरच ठरते.

अवघड शब्दांवरून हिरमुसून जायचे कारण नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. तेव्हाच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी साध्या बायकांना कळत नाही, हीच त्यांची खंत होती. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. एक उपाय सहज करता येतो: दर आठवड्याला एक वचन मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. वर्षाला बावन्न वचने होतात आणि जोडाक्षरेही सुधारतात.

"छडी आवरणारा मुलाचा वैरी" असे नीतिसूत्रांत आहे. मग मुलांना मारणे योग्य आहे का?

नाही. हे वचन (नीतिसूत्रे १३:२४) उच्चारून मारण्याचे समर्थन करणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट शब्दाची. इथे 'छडी'साठी आलेला 'शेवेट' हा हिब्रू शब्द स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या काठीसाठीही येतो, आणि ती काठी मेंढराला धीर देते. नीतिसूत्रे हे शहाणपणाचे काव्य आहे, दंडसंहिता नव्हे. मूल वाऱ्यावर सोडू नये हा त्या ओळीचा रोख आहे.

दुसरी गोष्ट नव्या कराराची. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे हे इफिस ६:१ सगळ्यांना पाठ असते. त्याच परिच्छेदात चौथ्या वचनात बापांना उद्देशून "चिरडीस आणू नका" असे म्हटले आहे, आणि कलस्सै ३:२१ मध्ये तेच पुन्हा सांगून मुले खिन्न होतील असे कारणही दिले आहे. त्या काळच्या रोमन कायद्यात बापाला मुलाच्या जिवावरही अधिकार होता. अशा समाजात राहणाऱ्या बापाला पौल त्याच्या अधिकाराची मर्यादा सांगतो आहे. पहिले वचन भिंतीवर लावायचे असेल तर चौथेही शेजारी लावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली क्रूरता बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा ठरते. शब्बाथ शाळेतला शिक्षकही याला अपवाद नाही.

मग शिस्त कशी लावायची? राग आलेला असताना काहीच ठरवू नका; दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. परत आल्यावर चूक एका वाक्यात सांगा: "तू बहिणीची वही फाडलीस." 'नेहमी', 'कधीच', 'तुझ्या काकासारखा' हे शब्द वगळा. परिणाम चुकीशी जोडलेला असू द्या: वही फाडली तर खाऊच्या पैशातून नवी आणायची आणि पानेही उतरवून द्यायची. जेवण बंद करणे किंवा रविवारच्या शाळेला न नेणे ही शिक्षा कधीही करू नका. आणि भरपाई झाली की विषय संपला. प्रीती अपकाराचा हिशेब ठेवत नाही (१ करिंथ १३:५). पाहुण्यांसमोर जुनी चूक काढणारा बाप तो हिशेब जपून ठेवत असतो.

"देव बघतोय, शिक्षा करील" ही धमकी तर पूर्णपणे सोडा. ती ऐकत वाढलेले मूल मोठेपणी संकटात देवाकडे वळत नाही, त्याच्यापासून लपते.

आईबापांनी मुलाची माफी मागावी का? त्याने धाक कमी होत नाही का?

मागावी, आणि त्या दिवशीच मागावी. वाक्यात 'पण' नको. "मी ओरडलो, माझे चुकले, मला क्षमा कर" एवढेच. "पण तू तरी कशाला…" असे पुढे जोडले की माफी पुसली जाते. क्षमा म्हणजे काय हे मुलाला शुभवर्तमानाच्या पाठांतरापेक्षा या एका वाक्यातून जास्त कळते.

मोबाइलचे काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवणे टाळावे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ नसावा. त्यापुढच्या वयासाठी एकच आकडा सगळ्या घरांना लागू होत नाही. तिथे जागा आणि वेळ ठरवणे उपयोगी पडते.

बाहेरच्या खोलीत चार्जिंगची एक जागा ठरवा. साडेनऊला घरातले सगळे फोन तिथे जातात, बापाचाही. नियम मोडतो तो बहुधा इथेच: मुलांचा फोन जमा होतो आणि आईवडील अंथरुणात रील पाहत राहतात. असा नियम आठवडाभरही टिकत नाही, आणि तो मोडायला मूल जबाबदार नसते. गजरासाठी साधे घड्याळ आणा म्हणजे 'गजर लावलाय' ही सबब उरत नाही. उपासनेला कागदी बायबल न्या, कारण फोनवर वचन उघडले की वरून संदेश सरकतो आणि डोळे तिकडे जातात.

मुलाचा फोन तपासायचा असेल तर फोन देतानाच सांगा: "तुझ्या सतराव्या वर्षापर्यंत मी अधूनमधून पाहीन, तुझ्या समोर पाहीन." चोरून तपासलेला फोन विश्वास मोडतो आणि मुलाला दुसरे गुप्त खाते उघडायला शिकवतो. याहून महत्त्वाचे एक वचन मुलाला द्या आणि पाळा: कितीही वाईट काही घडले, कोणी फोटो मागितला, धमकी दिली, तरी मला सांगितल्याबद्दल फोन काढून घेणार नाही. मुले अशी गोष्ट लपवतात ती बहुतेक फोन जाण्याच्या भीतीने, आणि धमकावणारा त्याच भीतीवर जगतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात घराने मिळून काही सोडायचे असेल तर पडद्याचा उपवास मुलांना झेपतो. कॅथलिक नियमानुसार अन्नाचा उपवास १८ वर्षांपासून आणि मांसवर्ज्य १४ वर्षांपासून आहे. लहानग्यांना उपाशी ठेवायची गरज नाही.

रविवारी सकाळी क्लास असतो. दहावीच्या वर्षात उपासना सोडली तर चालेल का?

एक वर्ष सोडली की पुढे अकरावी, बारावी आणि प्रवेश परीक्षा येतात, आणि चार वर्षांनी मूल चर्चमध्ये पाहुणे झालेले असते. क्लासवाल्यांना दुसरी तुकडी मागा; बऱ्याच ठिकाणी ती असते, आपण विचारत नाही. तसे जमत नसेल तर संध्याकाळची उपासना किंवा कॅथलिक पॅरिशमध्ये शनिवार संध्याकाळची मिस्सा धरा. ती रविवारची मानली जाते. तेही शक्य नसेल तर महिन्यातले दोन रविवार पक्के करा आणि ते मोडू नका.

शब्बाथाचा अर्थ विश्रांती असाही आहे. सातही दिवस अभ्यास करणाऱ्या मुलाला देवाने एक दिवस सुटी दिली आहे, असे सांगून पाहा. मुलांना हे पटकन पटते.

शेजारी गणपती, दिवाळी असते. मुलांनी काय करावे? प्रसाद घ्यावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यात मंडळ्यांचे एकमत नाही. पण विचार कसा करावा हे पौलाने करिंथकरांना पुष्कळ तपशिलात सांगितले आहे (१ करिंथ, ८ आणि १० वा अध्याय). बाजारात मिळते ते विवेकबुद्धीचा प्रश्न न काढता खा, कोणी जेवायला बोलावले तर जा. पण हे मूर्तीपुढे ठेवलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून. म्हणजे त्या पदार्थात काही विष आहे असे पौल म्हणत नाही. आपल्या कृतीतून समोरच्याला काय कळते, हा त्याचा प्रश्न आहे.

यावरून बहुतेक घरे सण आणि पूजा यांत फरक करतात. फराळ, आकाशकंदील, किल्ला, रांगोळी, मंडपातली मदत यांत अडचण नाही. आरती म्हणणे, ओवाळणे, नैवेद्य दाखवणे यांत ख्रिस्ती मूल भाग घेत नाही. शाळेत आरती चालू असेल तर शांत उभे राहावे. हसणे, कुजबुजणे, कानात बोटे घालणे हा उर्मटपणा आहे आणि त्याबद्दल मुलाला घरी समज द्यावी.

प्रसादाबाबत घरात एक भूमिका ठरवा आणि मुलाला तोंडात बसेल असे वाक्य द्या: "काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुमच्या करंज्या मला नक्की द्या." हसून, दोन्ही हात जोडून. प्रसाद घ्यायचा आणि जिन्यात फेकायचा, हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यातून मूल विश्वास शिकत नाही, शेजाऱ्याचा तिरस्कार शिकते.

आजोळ हिंदू असेल, आणि अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालन्याकडच्या कितीतरी घरांत ते असते, तर दिवाळीला मुलांना जरूर पाठवा. आधी आजीला फोन करून सांगा की मुले आरतीला बाजूला बसतील. सण चालू असताना देवघरापुढे वाद घालण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. आणि नाताळात पहिले ताट त्या घरी गेले पाहिजे: शंकरपाळे, करंज्या, चकल्या, केक. आपला नाताळचा फराळ मराठीच आहे.

मराठीपण आणि ख्रिस्तीपण यांत निवड करावी लागते असे मुलांना वाटू देऊ नका. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ताच्या पायी आणले, आणि त्यांची पदे आजही रविवारी पेटी-तबल्यावर म्हटली जातात. हा वारसा मुलांना ठाऊक असला म्हणजे "तू ख्रिश्चन म्हणजे परका का?" या वर्गातल्या प्रश्नाला ती गडबडत नाहीत.

पंधरा वर्षांचा मुलगा चर्चला यायला नकार देतो. जबरदस्ती करावी का?

आधी कारण शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो. कंटाळा असेल तर काम द्या: ध्वनियंत्रणा, कीबोर्ड, लहान मुलांच्या वर्गात मदत. शंका असतील तर त्या ऐका. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता (लूक २:४६). "असे प्रश्न विचारायचे नसतात" हे उत्तर मुलाला इंटरनेटकडे पाठवते. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण पाळकांना विचारू" म्हणा आणि खरोखर विचारा. कोणी चारचौघांत त्याच्या केसांवरून किंवा कपड्यांवरून अपमान केला असेल तर त्या माणसाशी तुम्ही बोला. आणि एखाद्या विशिष्ट व्यक्तीला तो टाळत असेल तर खालचा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न लगेच वाचा.

आमचे मत असे: घरच्या जेवणाला यावे लागते तसे घरच्या प्रार्थनेला बसावे लागते, पण बोलावे लागत नाही. दृढीकरण (मोठेपणी आपला विश्वास सगळ्यांसमोर कबूल करण्याचा विधी) आणि प्रभुभोजन मात्र कधीही दबावाखाली घ्यायला लावू नये. मनात नसताना सगळ्यांसमोर दिलेले वचन पुढे विश्वासाच्याच आड येते.

चर्चमध्ये मुले सुरक्षित आहेत हे कसे पाहायचे?

शब्बाथ शाळा, गायनवर्ग, शिबिर, कुठेही एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत एकटे नसावेत. दोन मोठी माणसे, उघडे दार. शिबिरात मुलामुलींची झोपण्याची सोय वेगळी आणि प्रत्येक ठिकाणी स्त्री-पुरुष स्वयंसेवक. शिक्षकांनी मुलांशी खासगी चॅट करू नये. गटात पालक असावेत. हे नियम लिहून सूचनाफलकावर लावायला सांगा. 'आपलीच माणसे आहेत' म्हणून नियम सैल होतात, आणि घडते ते तिथेच.

मुलाने काही सांगितले तर शांतपणे ऐका, खोदून पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीच्या कमिटीने आधी 'आतल्या आत' चौकशी करून मिटवणे हा पर्याय कायद्यात नाही. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८.

आजारी मुलाची औषधे बंद करून फक्त प्रार्थनेवर विसंबावे का?

औषध बंद करू नका. ज्या लूकचे शुभवर्तमान आपण वाचतो तो वैद्य होता (कलस्सै ४:१४). मिरजेचे मिशन रुग्णालय डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारले, आणि जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केले. महाराष्ट्रातली ख्रिस्ती परंपरा ही अशी आहे. फिट, मधुमेह आणि मानसिक आजार यांची औषधे अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. प्रार्थना गोळी घेण्याआधी करा, गोळीऐवजी नको. आणि मूल महिनाभर उदास असेल, झोप-जेवण बिघडले असेल तर 'विश्वास कमी पडला' असे न म्हणता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

"पती पत्नीचे मस्तक आहे" म्हणजे घरात शेवटचा शब्द नवऱ्याचा का?

इफिस ५ चा तो भाग २२ व्या वचनापासून वाचला जातो. २१ वे वचन एकमेकांच्या अधीन राहा असे सांगते, आणि २५ वे नवऱ्याला ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती करायला सांगते. यात बायकोच्या पगाराचे कार्ड स्वतःकडे ठेवण्याचा किंवा तिच्या माहेरच्या फोनवर पहारा ठेवण्याचा अधिकार कुठेही नाही.

मारहाण होत असेल तर 'वधस्तंभ वाहा, सहन करा' हा सल्ला चुकीचा आहे, देणारा कोणीही असो. मलाखी २:१६ सूटपत्राबद्दलच, म्हणजे घटस्फोटाबद्दलच, ऐकवले जाते, पण त्याच वचनात देव जुलूम करणाऱ्याचाही धिक्कार करतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा महिला हेल्पलाइन १८१ वर मदत मिळते, आणि घर स्त्रीच्या नावावर नसले तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. पाळकाने समेट घडवायला दोघांना एका खोलीत बसवण्याआधी ती सुरक्षित आहे का हे पाहावे.

मुलगा-मुलगी दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशी लग्न करू इच्छितात. पुढे काय?

आधी लग्न कोणत्या कायद्याखाली होते ते नीट समजून घ्या, कारण इथली चूक वीस वर्षांनी वारसाहक्काच्या वेळी बाहेर येते. हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. ख्रिस्ती आणि हिंदू यांनी त्याखाली केलेले लग्न वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. मग मार्ग दोन: भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२, ज्यात एक पक्ष ख्रिस्ती असला तरी चालते, किंवा विशेष विवाह कायदा १९५४.

विशेष विवाहासाठी दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावे लागते आणि त्या वेळी तीन साक्षीदार लागतात. हॉलची तारीख आधी आणि नोटीस नंतर, ही नेहमीची घोडचूक.

कॅथलिक पक्षाने बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचे तर बिशपांकडून सूट लागते. ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने विवाह वैध नाही. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचा शक्य तो प्रयत्न करीन, हे वचन कॅथलिक पक्ष देतो. दुसऱ्या पक्षाला त्याची फक्त माहिती दिली जाते. धर्मांतर करावेच लागते हा गैरसमज आहे. प्रोटेस्टंट पाळकांपैकी काही जण असे लग्न चर्चमध्ये लावतात, काही लावत नाहीत; साखरपुड्याआधी विचारा.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. लग्नावर बहिष्कार घातला तर पुढे नातवंडांच्या बाप्तिस्म्याबद्दल बोलायची जागाच उरत नाही. असहमती एकदा स्पष्ट सांगा आणि दार उघडे ठेवा.

ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातीत पूर्वीची जात का विचारतात? आणि हुंडा?

विचारतात हे खरे आहे आणि ते पाप आहे. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी सोयरिकीला मात्र जुनी जात शोधावी, यावर 'ख्रिस्तात तुम्ही सगळे एक आहात' असे सांगणाऱ्या गलती ३:२८ पुढे कोणतेही समर्थन टिकत नाही. हुंडाबंदी कायदा १९६१ सर्व धर्मांना लागू आहे. 'मुलीच्या संसाराला' म्हणून मागितलेला फ्लॅटही हुंडाच. मागणी आली तर पाळकांना कळवा आणि स्थळ सोडा.

कुटुंबनियोजनाबद्दल चर्चचे काय म्हणणे आहे?

कॅथलिक शिकवण १९६८ च्या पोपच्या पत्रकानुसार कृत्रिम साधने नाकारते आणि नैसर्गिक पद्धत मान्य करते. ती पाळायची तर फलनाचे सुमारे सहा दिवस ओळखता यावे लागतात, आणि त्यासाठी दोघांनी मिळून प्रशिक्षण घ्यावे. नुसते तारखा मोजणे पाळी अनियमित असल्यास फसते. अँग्लिकन बिशपांनी १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत मर्यादित प्रसंगी साधनांना मुभा दिली, आणि आज बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या निर्णय जोडप्याच्या विवेकावर सोडतात. गर्भपात हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

चर्चने विवाह रद्द ठरवला तर पुन्हा लग्न करता येते का?

न्यायालयाचा हुकूमनामा नसेल तर नाही. चर्चच्या न्यायासनाचा निर्णय फक्त चर्चपुरता असतो. त्यावर विसंबून केलेले दुसरे लग्न कायद्याने द्विविवाह ठरते. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे आणि २००१ च्या दुरुस्तीने त्यात परस्परसंमतीचे कलम १०-अ आले. त्यात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट लिहिलेली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्ष अशी वाचली. तुमचे न्यायालय काय मानते ते वकिलाला विचारा. कॅथलिकांनी दोन्ही प्रक्रिया पूर्ण कराव्या लागतात, आणि साधारणपणे दिवाणी निकाल आधी लागतो. घटस्फोटित व्यक्तीला उपासनेत मागच्या बाकावर ढकलणाऱ्या मंडळीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहीर आठवावी, जिथे पाच नवरे झालेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलत बसला.

मूल होत नाही. ख्रिस्ती जोडप्याला दत्तक घेता येते का?

येते, पूर्ण कायदेशीर हक्कांसह. हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नाही, त्यामुळे पूर्वी फक्त १८९० च्या कायद्याखाली पालकत्व मिळत असे. आता बाल न्याय कायदा २०१५ खाली कोणत्याही धर्माचे जोडपे दत्तक घेऊ शकते. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, समाजसेवकाची गृहभेट, बाळाची निवड, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असा क्रम आहे. लग्नाला दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नसावी. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. नंबर यायला पुष्कळ वेळ लागतो, म्हणून उपचार थकवून टाकेपर्यंत थांबू नका.

रुग्णालयातून किंवा ओळखीतून परस्पर बाळ घेणे हा गुन्हा आहे, भले पाळकांनी पुढाकार घेतलेला असो. आणि दत्तक असल्याचे मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून गोष्टीसारखे सांगत राहा. ते बाहेरून कळले तर घाव खोल जातो.

आईवडील थकले आहेत. त्यांच्या नावावरील घराचे काय होईल?

मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो: जोडीदाराला एक तृतीयांश, मुलांना मिळून दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. 'मुलीला लग्नात दिले' म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

वेगळी वाटणी हवी असेल तर मृत्युपत्र करा. साक्षीदार दोन लागतात, आणि त्यांत ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार नको. अशा साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. जावयाला साक्षीदार करून मुलीचाच वाटा घालवल्याची चूक अशीच होते. दुसरे, लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, म्हणून विधुर किंवा विधवेने पुनर्विवाह केल्यास नवे करावे.

चर्चला दान लिहिण्याआधी आईवडिलांच्या औषधपाण्याची सोय बघा. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण म्हणजे 'कुर्बान' केले असे सांगून मोकळे होणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले (मार्क ७:६–१३). २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर मुलांनी अट मोडल्यास परत मिळवू शकतात. त्यासाठी बक्षीसपत्रात ती अट शब्दांत लिहिलेली असावी लागते. ते करताना ती ओळ वकिलाकडून वाचून घ्या आणि मगच सही करा.